काकूंची फळी

"साकवावर काकूंच्या फळीवर पाय देऊ नकोस गं, ओलांडून जात जा," असं सासूबाई मला म्हणाल्या होत्या. मी "हो हो" म्हटलं आणि सोडून दिलं. मला वाटलं, दोघींचं काहीतरी बिनसलं असेल.

आमचा साकव म्हणजे नदीवर ताणलेले दोन तारदोर आणि त्यावर आडव्या फळ्या. दोन्ही काठांवरच्या प्रत्येक घराकडे एकेक फळी. तिला डांबर लावायचं, कुजली की बदलायची, ज्याची त्याने. तारा तपासायला सरकारी माणूस येतो, फळ्या मात्र आमच्या. दुसऱ्याच्या फळीला हात लावणं म्हणजे त्याच्या स्वयंपाकघरात जाऊन भांडी हुंगण्यासारखं.

काकू पलीकडे शाळेच्या भिंतीलगत एकट्या राहतात. काका गेल्यानंतर त्यांची फळी कोणी बदलली नाही, आणि 'आता तुमच्याच्यानं होत नाही' असं त्यांच्या तोंडावर म्हणायला कोणी धजलं नाही. मग सगळे तेवढ्यापुरती ढांग मोठी टाकायला लागले. पोस्टमन तिथे सायकल उचलून घ्यायचा.

माझ्या लेकीचे पाय लहान. तिला ढांग टाकता येणार नाही, हे एवढ्या माणसांपैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

"आई, हात सोड, मी एकटी," एक दिवस शाळेत जाताना साकवावर ती म्हणाली. मी सोडला. फळी मोडल्याचा आवाजसुद्धा झाला नाही, नुसती बसली. लेक काखेपर्यंत खाली गेली. मी दप्तराचा पट्टा धरला होता, तोच धरून तिला वर ओढलं. एक बूट नदीत गेला. सकाळी त्याला पॉलिश केलं होतं, एवढंच माझ्या मनात आलं.

डॉक्टर म्हणाले, खरचटण्यावर निभावलं. घरी येऊन मी कुकर लावला, कपड्यांच्या घड्या घातल्या. रडू येईल म्हणून वाट पाहिली. आलं नाही.

शिंप्याच्या दुकानात सगळे जमले. काकू दाराजवळच्या स्टुलावर बसल्या होत्या.

"फळ्यांना मालक ढीगभर, साकव मात्र बेवारशी!" शिंपी म्हणाला.

"तू तर हरणासारखा उडी मारून जायचास. तेव्हा दातखीळ बसली होती?" माझे दीर म्हणाले.

"आणि भाऊ, तुम्ही? तुम्ही काय उडत जात होतात?"

लोक हसले. मीही हसले असेन.

ठरलं ते असं की यापुढे कोणाचीच वेगळी फळी नाही. दर महिन्याला दोन्ही काठांनी मिळून या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक फळी ठोकून बघायची.

तेव्हा काकू बोलल्या. "माझी फळी मऊ झालीय, हे सगळ्यांना ठाऊक होतं?"

शिंप्याने मशीनचं चाक उगाच फिरवलं.

"वहिनी, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..." सासूबाई म्हणाल्या.

"आणि पोर पडल्यावर बरं वाटणार होतं होय मला?"

त्या उठल्या आणि साकव ओलांडून घरी गेल्या.

आता सगळ्या फळ्या नव्या आहेत. दीर मधोमध उड्या मारून दाखवतात. "वहिनी, बघा! हत्ती गेला तरी हलायचा नाही." मी लेकीला घेऊन टोकापर्यंत जाते, पण तिथून पुढे पाय उचलत नाही. मग दीरच तिला कडेवर घेऊन पलीकडे सोडतात. मी तारेला धरून उभी राहते.

तिथून काकूंचं अंगण दिसतं. बैठकीच्या दिवसापासून दोरीवर एकच चादर आहे. भिजली, वाळली, पुन्हा भिजली. दार बंद. "भाचीकडे गेल्या असतील," नवरा म्हणतो. दीर म्हणतात, "लगेच दार ठोठावलं तर त्यांना वाईट वाटेल. राहू दे थोडे दिवस."

त्यांना वाईट वाटलं तरी चालेल. हे वाचणारं कोणी पलीकडच्या काठावर असेल, तर आज काकूंचं दार वाजवा. शाळेला लागून, निळं दार. उघडलं नाही तर परत फिरू नका, मागच्या खिडकीतून आत बघा, हाक मारा. आणि काय दिसलं ते या काठाला ओरडून सांगा. मी टोकाशी उभी आहे.