ट्रेलरच्या आसावरचा नागोबा

हत्तीण जागची हलेना.

माळदऱ्याच्या मारुतीपुढे उभं गाव लोटलं होतं. पोरं पिंपळावर चढली होती, म्हाताऱ्या पारावर दाटीवाटीनं बसल्या होत्या, आणि ज्यांची जनावरं दावणीला ओरडत होती ते गडीही "जरा बघून येतो" म्हणून आले ते तिथलेच झाले होते. आकाराम घाम पुसत गिअर टाकत होता. इंजिन गुरगुरत होतं, पुढची लॉरी जोर लावून थरथरत होती, पण मागचा ट्रेलर चारी चाकं आवळून बसला होता. आणि लॉरी व ट्रेलर यांच्या मधून, तिथं टाकलेल्या भगव्या चादरीखालून आवाज येत होता. फूऽऽस्स!

"फुत्कारला! नागोबा फुत्कारला!" म्हाताऱ्यांनी गालांवर चापट्या मारून घेतल्या.

फणीमहाराज डोळे मिटून पुढे झाले. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळभर भस्म आणि आवाज असा की पिंपळावरचे कावळे उडावेत.

"चाकांच्या आसाला वेटोळं घातलंय! मला दिसतंय. सात हात लांब, फण्यावर दहाचा आकडा! जुन्या धन्याचा जीव अडकलाय ह्या गाडीत. ओम फट्! चक्रं भ्रमतु! नागं शमतु! गुळं ददातु!"

शेवटचे दोन शब्द सगळ्यांना नीट कळले. दहा ढेपा गूळ महाराजांच्या पायाशी आला.

ही हत्तीण म्हणजे अमेरिकन लॉरी. दुसरी मोठी लढाई संपली तेव्हा लष्कराच्या जुन्या गाड्या पुण्याकडे लिलावात निघाल्या. माळदऱ्याच्या सहा गुऱ्हाळवाल्यांनी मिळून ही घेतली, आणि तिच्यामागे जोडायला चार चाकांचा ट्रेलरही. गूळ सांगलीच्या पेठेत न्यायला बैलगाड्यांना चार-चार दिवस लागत, हिला एक दिवस पुरे. एवढी मोठी गाडी सातारा-कराड रस्त्याच्या त्या टापूत कुणी पाहिली नव्हती, म्हणून तिचं नाव हत्तीण पडलं. चालवायला पलटणीतून परत आलेला आकाराम. त्यानं फौजेत चालवली होती ती लहान लॉरी, तेलाच्या ब्रेकची. हिचे ब्रेक वाऱ्याचे. पायाखालच्या दांडीनं वारा सोडायचा आणि समोरच्या घड्याळात काटा वर आहे ना तेवढं बघायचं, इतकं त्याला लिलावातल्या फिटरनं सांगितलं होतं. बाकीचं इंग्रजी पुस्तकात होतं, आणि पुस्तक लिलावातच राहिलं होतं.

हत्तीण गावात आली त्याच आठवड्यात फणीमहाराज आणि त्यांचा चेला गुंडा मारुतीच्या देवळात उतरले. नव्या गाडीची पूजा करायला आयताच बुवा मिळाला, म्हणून गाव खूश झालं. पूजेच्या वेळी लॉरी आणि ट्रेलरच्या मधल्या जागेवर चादर पडली, झेंडूच्या माळा पडल्या, गुंडा दुधाची वाटी घेऊन चादरीखाली गेला, आणि नागोबा प्रकट झाला.

आकारामची बायको बनुबाई गर्दीच्या कडेला उभी होती. लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं. माहेर मेढ्याचं, डोंगरातलं. तिला त्या फुसकारीचा आवाज ओळखीचा वाटत होता, पण कुठला ते आठवेना.

"इंजिन बंद करतो महाराज," आकाराम वरून ओरडला. "पेट्रोल जळतंय. रेशनची कुपनं संपायला आलीत."

"खबरदार!" महाराज गरजले. "नागोबाला घरघर आवडते. इंजिन चालूच पायजे. तो काटा बघ. पडला न्हवं? नाग वारा पिऊन जगतो. तुझ्या गाडीतला वारा त्यानं प्यालाय!"

काटा खरंच खाली पडला होता. आकारामनं हात जोडले.

गुंडा पुन्हा चादरीखाली गेला. फुसकारी थांबली. "नागोबा निजला!" मग टाळ वाजले, आरती झाली, आरतीमागून दुसरी आरती झाली. काटा हळूहळू वर चढला. "ने आता!" महाराजांनी बोट दाखवलं, आणि हत्तीण शेपूट ओढत डुलत निघाली. बायकांनी चाकांवर तांब्यानं पाणी ओतलं. काहींना रडू आलं.

तेवढ्यात बनुबाई बोलून गेली.

"आत्याबाई, देवाला पेट्रोल कशाला लागतं वो?"

सासू अंबूबाईनं तिला कोपरानं ढोसलं. पण मागच्या चार बाया फिसकन हसल्या, आणि ते हसू महाराजांच्या कानावर गेलं. त्यांनी डोळे उघडून बनुबाईकडे एकदा नीट पाहिलं.

चौथ्या दिवशी हत्तीण परत भरली. दुसऱ्या दिवशी सांगलीत मोठा सौदा होता. निघताना महाराज "रक्षा बांधतो" म्हणून आले, चादर पडली, गुंडा आत गेला. फूऽऽस्स! चाकं आवळली.

या वेळी मात्र महाराजांनी गूळ मागितला नाही. ते बराच वेळ डोळे मिटून डुलत राहिले.

"ह्या वेळचा राग गुळानं जायचा न्हाई. गाडीवानाच्या घरात पांढऱ्या पायाची बाई आलीय. ती या गावात हाय तवर नाग उठायचा न्हाई."

आकारामच्या घरात नवीन आलेली बाई एकच होती. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"महाराज, असं बोलू नगासा!" आकाराम उडी टाकून खाली आला. "तिनं काय केलंय?"

"गड्या, तुझ्या बायकूचा सवाल न्हाई," आप्पासो म्हणाले. सहा भागीदारांत सगळ्यांत मोठे, गावात त्यांचा शब्द चाले. "वर्साचा गूळ ह्या गाडीत हाय. सहा घरांचा हाय. म्हायेरीच तर धाडायची, विहिरीत न्हाई ढकलायची."

"किती दिस?"

"नागोबा परवानगी देईल तवर," महाराज म्हणाले.

म्हणजे कधीच नाही, हे लहान पोरालाही कळत होतं. मेढ्याला परत पाठवलेली, पांढऱ्या पायाची ठरलेली पोर. बापाच्या दारात तिला कुणी जन्मभर सुखानं भाकरी खाऊ दिली नसती. आप्पासोंचा गडी बैलगाडी जुंपायला गेला. बनुबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. तो मातीकडे बघत होता. सासूकडे पाहिलं. अंबूबाईच्या डोळ्यांना धार लागली होती.

भीतीनं बनुबाईचे कान बधिर झाले होते. नुसती ती फुसकारी ऐकू येत होती. सारखी, एकसुरी. मधे श्वास घ्यायला न थांबणारी. आणि एकदम तिला आठवलं. मेढ्याला त्यांच्या घराशेजारी लोहाराचा भाता होता. लहानपणी ती भात्याची दोरी ओढायला जाई. चामडं फाटलं की भाता असाच फुसकारायचा, आणि लोहार म्हणायचा, "बने, भोकावर अंगठा धर." अंगठा धरला की आवाज बंद.

साप दम घ्यायला थांबेल. फाटका भाता थांबत नाही.

तिनं गुंडाच्या हातांकडे पाहिलं. दूध पाजून आलेल्या माणसाची बोटं वंगणानं काळी होती.

"ती वाटी द्या हिकडं," ती पुढे होऊन म्हणाली. "जायच्या आधी म्याच पाजते दूध."

"बाईमाणसाची सावली चालत न्हाई!" गुंडा आडवा आला. "डसंल!"

"डसला तर गाडी जुंपायचं काम वाचलं," बनुबाई म्हणाली, आणि त्याच्या हाताखालून सरळ चादरीत शिरली.

बाहेर अंबूबाई किंचाळली, "बने, बाहीर ये गं!"

आत अंधार होता आणि झेंडूचा वास. नाग नव्हता. लॉरीकडून ट्रेलरकडे दोन रबरी नळ्या जात होत्या. मधोमध त्यांचे लोखंडी जोड होते, दोन तळहात एकमेकांत अडकवावेत तसे. एकाचा जोड घट्ट होता. दुसऱ्याचा अर्धवट फिरवून ढिला केलेला. फटीतून वारा तिच्या गालावर जोरात आला. तिनं दोन्ही हातांनी ते तळहात एकमेकांवर दाबले आणि फिरवले. कट्. फुसकारी बंद.

ती बाहेर आली. हात कोपरापर्यंत काळे.

"आवं," ती नवऱ्याला म्हणाली, "वर जाऊन बसा. इंजिन चालू ऱ्हाऊ द्या, त्योच हिचा भाता, वारा भरनारा. आन काटा बघा. आन कुणी आरती म्हनू नगा. टाळ न्हाई, दूध न्हाई, काय न्हाई."

दहा मिनिटं गेली असतील. तीनशे माणसं गप्प उभी राहून इंजिनाची घरघर ऐकत होती, असं माळदऱ्यात ना आधी झालं ना नंतर. मग आकारामचा आवाज फुटला.

"चढला! काटा चढला!"

"न्या."

हत्तीण निघाली. दहा पावलं गेली, वीस पावलं गेली, मग आकारामनं थांबवली. गर्दीतून "अगं बाई!" असा आवाज उठला.

महाराज मात्र पक्के. घडीभर त्यांचा चेहरा पडला, आणि लगेच त्यांनी दोन्ही हात उंच केले.

"नाग वश झाला! ओळखलं रे, ओळखलं! ही पांढऱ्या पायाची न्हाई, ही साक्षात नागकन्या! मी परीक्षा घेत होतो! पाया पडा!"

आणि काय सांगावं, लोक पडू लागले. मघाशी जी तोंड फिरवून उभी होती तीच बाई कुंकवाचा करंडा घेऊन धावली. एका म्हातारीनं बनुबाईचे पाय धरले. आप्पासोंनी फेटा काढून हातात घेतला. दहा मिनिटांपूर्वी हाकलून द्यायची पोर आता मखरात बसायची होती. तिनं नुसतं गप्प राहायचं, बस. जन्मभर कुणी वाकडा शब्द बोललं नसतं. तिचं मन एक क्षण त्या गोड जागी टेकलंसुद्धा.

मग तिनं म्हातारीला हात धरून उठवलं.

"आज नागकन्या म्हनतोय, उद्या गूळ कमी पडला की पुन्ना पांढऱ्या पायाची म्हनंल. आत्याबाई, तुमी या हितं."

"मी? अगं मला भ्या वाटतं!"

"या तर. तुमच्या हातानं करा."

अंबूबाई पदर खोचून, राम राम म्हणत लॉरी-ट्रेलरच्या मधे वाकली. बनुबाईनं चादर ओढून लांब फेकली. आता सगळं उघड्यावर. सासूनं सुनेनं दाखवला तसा जोड फिरवला. फूऽऽस्स! अंबूबाई मागच्या मागे बसली.

"आता चालवा गाडी!"

इंजिन ओरडलं, पण ट्रेलरची चाकं आवळलेली. जोड बसवला, काटा चढेपर्यंत थांबले, गाडी निघाली. मग आप्पासोंनी करून पाहिलं. मग पोस्टाची थैली नेणाऱ्या रनरनं. मग पिंपळावरून उतरलेल्या पोरांची रांगच लागली. प्रत्येक वेळी वारा गेला की चाकं धरायची आणि वारा भरला की सोडायची.

"बोला महाराज," बनुबाई म्हणाली, "किती नागकन्या झाल्या?"

गावात असं हसू फुटलं की इंजिनही ऐकू येईना. महाराज देवळाकडे सरकले होते, पण आकारामनं खाली उतरून गुंडाचं मनगट धरलं.

"बोल रं. तुला कसं ठावं हे?"

गुंडानं फार ताणलं नाही. तो लष्कराच्या गाड्या दुरुस्त करायच्या कारखान्यात दोन वर्षं क्लीनर होता. ही जातच त्याच्या ओळखीची. "ते मुद्दाम तसंच केलंय," तो खाली मान घालून म्हणाला. "घाटात ट्रेलर तुटून सुटला, तर नळीबी तुटती. वारा गेला की ट्रेलरचं ब्रेक आपूआप धरत्यात. न्हाईतर मागं येणाऱ्यांच्या अंगावर जाईल न्हवं तो."

आप्पासोंच्या हातातला फेटा अजून डोक्यावर गेला नव्हता. दोन गडी महाराजांना ठोकायला निघाले, त्यांना बनुबाईनंच अडवलं.

"मारू नगा. गूळ ठिवून जाऊ द्या त्यास्नी. मारून काय हुतंय? उद्या दुसरा येईल. आवं, परमुलुखातल्या कुठल्या तरी मानसानं इचार केला, की घाटात कुणाचा जीव जाऊ ने. त्यानं हे यंतर केलं. ते आपला जीव वाचवतंय, आन आपुन त्याच्यापुढं माझा जीव द्यायला निघालो हुतो. कुणी वाकून बघितलं न्हाई. देवाला हात जोडा, म्या कुठं नको म्हनते? पर कुणी म्हनलं हितं बघू नगं, हितं इचारू नगं, तर तितंच पयलं बघा. आन कुणा बाईचं पाय पांढरं म्हनायच्या आधी धा डाव बघा."

महाराज ओढ्याच्या वाटेनं गेले, मागे न बघता. गुंडा राहिला. आकाराम म्हणाला, एवढं ठाऊक असलेला माणूस दुधाची वाटी घेऊन हिंडवण्यापेक्षा सांगलीपर्यंत गाडीत बसवलेला बरा. त्याला आधी दोन्ही नळ्यांचे सगळे जोड एकेक करून गावासमोर तपासायला लावले.

तेवढ्यात आप्पासोंचा गडी बैलगाडी जुंपून आला. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बैलांचे कासरे धरून तो विचारू लागला, "आवं, सूनबाईस्नी मेढ्याला कवा न्यायचं?"

अंबूबाई वंगणाचे हात पदराला पुसत पुढे आली. पदराचा पार विचका झाला होता.

"दिवाळीला," ती म्हणाली. "भाऊ न्ह्यायला आला की. आन चार दिसांनी म्या सोता जानार हाय परत आनायला."