शेवंडीची पसंती

आमच्या संस्थेत कायम व्हायचं असेल तर शेवंडीला, म्हणजे टाकीतल्या लॉब्स्टरला, पसंत पडावं लागतं. चेष्टा नाही, नियमच आहे तसा. उमेदवाराने टाकीत हात घालायचा. शेवंडीने छोट्या मिशा फडफडवल्या तर नेमणूक, नाहीतर नमस्कार. त्या मिशांवर डोळ्यांना न दिसणारे केस असतात, त्यांनीच तिला पाण्यातला वास कळतो. आमच्या सरांचा माणसांवर काडीचा विश्वास नाही, त्या केसांवर मात्र आहे.

त्याच केसांवर संशोधन करत मी वर्षानुवर्षं हंगामी आहे. टाकी धुणं, शेवंडीला शिंपले भरवणं, सगळं माझ्याच गळ्यात. "तुझी सासू परवडली गं," परीक्षेच्या सकाळी नवरा म्हणाला. "आज एकदाचा सोक्षमोक्ष लावून ये."

मी टाकीत हात घातला. शेवंड दगडावर ढिम्म. वाकून पाहिलं तर पाठ उकललेली आणि आत कोणीच नाही.

"सर, हिने कात टाकलीय. हे नुसतं कवच आहे. ती टाकीतल्या त्या पाइपात लपलीय."

"केस कशावर असतात?"

"कवचावर."

"मग? केस जागेवर आहेत, म्हणजे निवड समिती हजर आहे. आत कोण राहत होतं याच्याशी आपल्याला काय करायचंय? उमेदवार नापसंत."

माझं डोकंच फिरलं. भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात पाइपातून ती बाहेर आली. कात टाकलेली शेवंड इतकी मऊ असते की कोणीही तिचा घास घ्यावा. अंग घट्ट होईपर्यंत ती जिवाच्या भीतीने दडून बसते. ही मात्र मिशा फडफडवत थेट माझ्या बोटांपाशी आली. मला भरूनच आलं.

"ही कोण?" सर म्हणाले. "बाहेरच्यांना मत नाही."

बाहेरची वळली आणि स्वतःचं कवच खायला लागली. सुरुवात मिशांपासून.

"समिती बरखास्त," सर शेवटी म्हणाले. "हिचं अंग घट्ट झालं की हिलाच समितीवर नेमू. तोवर तुम्ही हंगामी."

"चालेल सर! ती मला चांगली ओळखते."

"तेच तर! हा उघड वशिला झाला. उद्यापासून टाकीत हात घालायचा नाही, तिला भरवायचं नाही. परीक्षेपर्यंत ती तुम्हाला साफ विसरली पाहिजे."

मी हात बाहेर काढला. ती पाण्यात माझी बोटं शोधत राहिली.