टाचेबद्दलचे दोन लेख

कल्पना करा, तुम्ही सहावीत आहात. घर लेयते नावाच्या बेटावर. रोज माडावर चढून माडी काढणारे तुमचे बाबा दवाखान्यात पडून आहेत, टाचेचं हाड फुटून.

नेनिताचं तसंच झालं होतं. डॉक्टर अबुएवा म्हणाले, "सूज उतरलीय. उद्या कापून धातूची पट्टी बसवू."

"आणि नाही कापलं तर?" बाबांनी विचारलं.

डॉक्टरांनी दोन लेख आणून दिले. बाबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. नेनिता वाचू लागली.

पहिल्यात होतं, पट्टी बसवलेले लोक चांगले चालतात. तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, लेखकांना पट्टी बनवणाऱ्या कंपनीकडून मानधन मिळतं. दुसऱ्यात होतं, कापा किंवा कापू नका, दोन वर्षांनी फरक उरत नाही. उलट कापलेल्यांच्या जखमा जास्त चिघळल्या. तळाशी: लेखकांना जाहीर करण्यासारखं काही नाही, म्हणजे कुणाकडून पैसे घेतलेले नाहीत.

"बघ, दुसरा लपवतोय!" बाबांच्या खाटेशी बसलेली तोयांग आत्या म्हणाली. "पहिल्याने कबूल तरी केलं."

"पण आत्या, पैसे घेणारा खोटंच लिहिणार ना?"

"असं? तुझ्या बाबांची माडी मी विकते, पैसेही घेते. मग मी चांगली म्हणते ती माडी वाईट का गं?"

माडी तर खरंच चांगली होती.

"तुम्ही दोघी वकील व्हा," बाबा म्हणाले. "मला परत चढता येईल का, तेवढं बघ."

तिने दोन्ही लेख पुन्हा चाळले. माडावर चढणारं कुणीच त्यांत नव्हतं.

डॉक्टर आले तेव्हा तिने विचारलं, "कंपनी तुम्हालाही काही देते?"

"छे!" डॉक्टर हसले. मग म्हणाले, "गेल्या वर्षी शिकायला सेबू शहरात नेलं होतं. राहणं, जेवण त्यांचंच. त्याने माझं मत बदललं असं मला वाटत नाही. पण... आपलं मत बदललं असं कुणाला वाटतं तरी का?"

"मग खरा लेख कोणता?"

"दुसऱ्यात कुणाला कापायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. पहिल्यात डॉक्टरांनीच निवडलं. माझा भरवसा दुसऱ्यावर जास्त."

"तरी उद्या कापणार?" आत्या म्हणाली.

नेनिताने स्टूल ओढून डॉक्टरांसमोर ठेवलं. "बसा डॉक्टर. चिठ्ठ्या का टाकल्या, ते पहिल्यापासून सांगा. बाबांना समजेपर्यंत उद्याचं राहू दे."