सव्वीसशे सतरा किलोचा टायर

मी एक जुना टायर आहे. मित्रांनो, यातला 'जुना' हा शब्द नीट ऐका, कारण माझ्या मालकाला तो शेवटपर्यंत ऐकू आला नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. रबर आणि पोलादी तारा यांचे थर चढवून मला गरम साच्यात दाबले, तेव्हा माझ्या कुशीवर चार आकडे उमटले : २६१७. म्हणजे दोन हजार सतरा सालचा सव्विसावा आठवडा. टायरची जन्मतारीख अशीच लिहितात. ती वाचायला पंडित असावे लागत नाही, पण माझ्या नशिबी काकासाहेब आले.

काकासाहेब चितेगावचे बागायतदार. त्यांनी गाडीवर एक फिरते घर बांधून घेतले. आत पलंग, शेगडी आणि मागे नात श्रेयाची छोटी खाट, बरोबर माझ्या डोक्यावर. मी मागचा डावा टायर. हे फिरते घर वर्षातून दोनदा फिरे. एरवी ते पैठण रस्त्याच्या कडेला सगळ्यांना दिसेल असे उभे असे. कारखान्यांतून सुटलेले लोक थांबून फोटो काढत. गावात काकासाहेबांची फार हवा होती. माझ्यात मात्र ती कमीच असे.

एका जागी उभे राहून माझी खालची बाजू दबली. उन्हाने कुशीला चिरा पडल्या. त्यांच्यावर काकासाहेबांनी काळे पॉलिश फासले आणि टायर नव्यासारखा दिसतो म्हणून स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. दसऱ्याला मला हळदकुंकू लागे, चाकाखाली लिंबू ठेवले जाई. हवा मोजायचे गेज मात्र खणात पाकिटासकट पडून होते. काकासाहेब हवा लाथेने मोजत. एक लाथ मारायची, मान हलवायची आणि 'टणक हाय' म्हणायचे. लाथ मारून तब्येत विचारणाऱ्या माणसाबद्दल मला आदर का वाटावा?

त्याहून मोठी गंमत त्या चार आकड्यांची. पाहुणे आले की काकासाहेब त्या आकड्यांवर बोट ठेवून सांगत, "सव्वीसशे सतरा किलो. एकेक टायर एवढं वजन उचलतं." पाहुणे आ वासून ऐकत. त्यांच्यात शिकलेलेही होते, पण शंका एकालाही आली नाही. स्वतःच्याच थापेवर विसंबून काकासाहेबांनी आत लोखंडी कपाट चढवले आणि पाण्याची दुप्पट मोठी टाकी बसवली.

या मे महिन्यात पाटणादेवीला जायचे ठरले. काकासाहेब, त्यांच्या पत्नी आवडाबाई आणि श्रेया असे तिघे निघाले. कन्नड गाव सोडले की पुढे घाट उतरायचा होता. श्रेया माझ्याच वयाची, आठ वर्षांची. ती वाढत होती आणि मी सडत होतो. कन्नड येईपर्यंत माझे थर एकमेकांना सोडू लागले. घाटात मी फुटलो तर गाडी दरीकडे ओढली जाणार, हे मला कळत होते. वर ती पोर गाढ झोपली होती. मला फार भीती वाटली आणि काकासाहेबांची विलक्षण चीड आली.

कन्नडला रत्नमालाचे टायरचे दुकान आहे. तिथे काकासाहेबांनी गाडी थांबवली आणि मला हात लावून पाहिला.

"बाई, लई तापलंय. थोडी हवा काढून टाक, म्हंजे फुटायचं नाय."

"तापल्यावर हवा काढत नसतात, काका," रत्नमाला म्हणाली. "दाब थंड टायरचा बघतात, निघायच्या आधी. आता काढली तर अजूनच तापंल."

तिने ओल्या फडक्याने माझे पॉलिश खरवडून पुसले. खालच्या चिरा उघड्या पडल्या.

"सतरा सालचं हाय हे. बदला."

"ते वजन हाय," काकासाहेब म्हणाले.

रत्नमाला हसली नाही. तिच्या जागी मी असतो तर हसलो असतो.

"वजन दुसरीकडं लिहिलंय. ही तारीख हाय."

"अगं, खाचा तर बघ. बोट जातंय आत. चाललंच कुठं ते?"

"चाललं नाय म्हणून तर मेलं. उभ्या गाडीचं रबर वाळतं, खाचा तशाच राहत्यात."

"मग स्टेपनी लाव. एकदा बी वापरली नाय."

तिने स्टेपनी पाहिली. "ती बी त्याच आठवड्यातली हाय."

तेवढ्यात आवडाबाई श्रेयाचा हात धरून खाली उतरल्या. त्यांनी पिशवी खांद्याला लावली.

"आम्ही एसटीनं जातो," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुमची हवा घिऊन तुम्हीच या घाटातनं."

दोघी रस्ता ओलांडून गेल्या. काकासाहेब पडेल आवाजात म्हणाले, "बदल बाई. सगळी बदल."

दुपारी शहरातून नवे टायर आले. रत्नमालाने आधी त्यांच्या तारखा वाचल्या. गाडी सपाट, कडक जागेवर घेऊन हँडब्रेक ओढला आणि पुढच्या चाकांना दगड लावले. चाक जमिनीवर असतानाच नट सैल केले, मग जॅक लावला. नवे टायर चढवून समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळले आणि पन्नास किलोमीटरवर परत आवळायला बजावले. लोखंडी कपाट तिने तिथेच उतरवायला लावले.

आता काकासाहेब सुधारले असे तुम्हाला वाटेल. छे. आमचा ढीग पाहून ते म्हणाले, "कारखान्याला उसाच्या लई ट्रॉल्या येत्यात. एखाद्या ट्रॉलीला दे लावून. दिसायला तर नवीच हायेत."

आपली नात उतरली तेव्हा या माणसाला टायर जुने झाले होते. दुसऱ्याच्या गाडीखाली ते पुन्हा नवे झाले. मित्रांनो, एवढा हलका माणूस मी आठ वर्षे वाहिला, याची मला आजही लाज वाटते.

रत्नमालाने सुरी घेतली आणि आमच्या प्रत्येकाची कूस आरपार चिरली.

"आता कुणालाच नाय लागायची," ती म्हणाली.

मित्रांनो, इतर वस्तू तुम्हाला विनवतात की, आम्हाला टाकू नका. मी विनवतो की, मला वेळेवर टाका, आणि टाकताना असे कापा.

दिवाळीनंतर उसाची पहिली ट्रॉली दुकानासमोरच्या आमच्या ढिगाजवळून गेली. मोळ्यांवर दोन पोरे एकमेकांना बिलगून झोपली होती. त्यांच्याखाली मी नव्हतो.