तक्त्यावर जळणारी झोळी

मी एक जुनी झोळी आहे, कापूस वेचायची. हसू नका, मित्रांनो! झोळी म्हटली की तुम्हाला दारोदार फिरणारा भिकारी आठवतो, हे मला ठाऊक आहे. पण वांकिडीकडच्या आमच्या गावात बाया मला कमरेला गच्च बांधतात आणि दोन्ही हातांनी वेचलेला कापूस माझ्यात टाकतात. विठाबाईचं लुगडं विरलं, तेव्हा त्यातला धड उरलेला भाग कापून तिने मला शिवलं आणि आपल्या लेकीच्या, रेणुकाच्या कमरेला बांधलं. पुढे रेणुका लग्न होऊन सासरी आली, ती मलाही घेऊन आली.

माझा स्वभाव जरा जळका आहे, आधीच सांगून टाकते. बाजारातून नवी रंगीत झोळी आली की मी जळते. शेजारणीच्या झोळीचं कौतुक झालं की माझ्या पोटात दुखतं. पण शाळेतल्या त्या तक्त्यावर मी जेवढी जळले, तेवढी जन्मात कुणावर जळले नव्हते.

वेचणीच्या ओळीत पुरुष नसतात. बाया एकेक तास, म्हणजे कापसाची एकेक रांग, धरून पुढे सरकतात. हात कापसात आणि तोंडं मोकळी! कुणाला दिवस गेले, कुणाची पाळी चुकली, कुणाचं बाळंतपण अडलं, सगळं तिथे निघतं. मला वाटायचं, पोरींची खरी शाळा हीच आणि त्या शाळेची मी जुनी मानकरीण. तिथे एक रीत मात्र होती. गोष्ट रंगात आली की ओळीतली एखादी वडीलधारी बाई म्हणायची, "जा वं पोट्टे, पानी आन." पोरी शेताच्या कडेला धुऱ्यावर जाऊन पाणी घेऊन येईपर्यंत गोष्ट संपलेली असायची. त्यांच्या कानी पडायचं ते नुसतं शेपूट. माहेरच्या ओळीत हीच रीत होती, सासरच्या ओळीतही हीच. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

रेणुकाबाईची लेक साक्षी आता आठवीत आहे. एका संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "माय, आज सुनयना मॅडमनं तक्ता लावला. पाळी काऊन येते, लेकरू पोटात कसं राह्यते, सारं सांगतलं. पोरं बी होते वर्गात."

तिचे वडील सुधाकरराव यांना ठसका लागला. ते ताटावरून उठून बाहेर गेले. रेणुकाबाईची भाकरी तव्यावर जळाली, तरी तिचं लक्ष नाही. खुंटीवर मी लटकत होते, माझा तर तिळपापड झाला. अरे वा! आमच्या पोरीला सांगायला एक कागदाचा तुकडा आला!

दुसऱ्या दिवशी भर दुपारी रेणुकाबाई वावरातून तडक शाळेत गेली. मला सोडायचंही तिला सुचलं नाही. वर्गाच्या भिंतीवर तो तक्ता होता. गुळगुळीत, रंगीत, वर-खाली लाकडी पट्ट्या, अगदी नवरीसारखा नटलेला. पोरी त्याच्याकडे टक लावून पाहत होत्या. माझ्याकडे असं कधी कुणी पाहिलं होतं? सवत घरात आल्यावर बाईला काय वाटत असेल, ते मला तेव्हा कळलं.

"मॅडम," रेणुकाबाई म्हणाली, "हे माया लेकीले सांगाचा हक्क माया होता. तुमी कोन सांगनाऱ्या?"

सुनयना मॅडम मावला गावच्या. आमच्या गावात त्यांना मान आहे. त्या चिडल्या नाहीत. "खरं आहे ताई, हक्क तुमचाच," त्या म्हणाल्या. "मग सांगितलं काऊन नाही?"

रेणुकाबाईला हा प्रश्न झोंबला. तिने साक्षीचा हात धरला आणि म्हणाली, "चाल घरी. आजपासून शाळा बंद."

साक्षी रस्ताभर रडत होती. आणि मी? मी मनातल्या मनात फुगडी घालत होते. पोरगी आपल्याकडे आली, तक्त्या, बस आता भिंतीवर!

दुसऱ्या दिवशी मला साक्षीच्या कमरेला बांधलं. पोर मुकाट्याने वेचत होती. बाजूच्या तासावरची गयाबाई म्हणाली, "काय वं रेणुका, हुशार पोरगी. तिले काऊन बसवून राह्यली घरी?" रेणुकाबाई खाली मान घालून वेचत राहिली. मला गयाबाईचा राग आला. इथे काय वाईट आहे?

इतक्यात सुधाकरराव गाठोडी बांधायला आले. लेकीचं तोंड उतरलेलं पाहून त्यांना गहिवरून आलं असावं. तिला हसवायला म्हणून त्यांनी ओंजळभर कापूस वेचला आणि गमतीने तिच्या झोळीत टाकला.

"हात काढा!" रेणुकाबाई एवढ्या जोरात ओरडली की सगळी ओळ थांबली. "माया पोरीच्या झोळीत कापूस नका टाकू!"

सुधाकरराव गांगरले. "अवो, काय झालं? मी बाप हाओ तिचा!"

"काई नाई, काई नाई," असं म्हणत रेणुकाबाई मटकन खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. सुधाकरराव बिचारे गाठोड्यांकडे निघून गेले.

"माय, काय झालं वं?" साक्षीने तिला धरलं.

मग रेणुकाबाईने सांगितलं. ती साक्षीएवढी होती तेव्हाची गोष्ट. माहेरच्या ओळीत ती पाणी घेऊन आली, तेव्हा एक बाई म्हणत होती, "थो रोज तिच्या झोळीत कापूस टाके. मंग काय, दिवस गेले तिले." पोरीने तेवढंच ऐकलं आणि तेवढंच खरं धरलं. काही दिवसांनी चुलतभावाने, लखनने, सहज तिच्या झोळीत मूठभर कापूस टाकला. झालं! तिला वाटलं, आपलं वाटोळं झालं. तिचं जेवण तुटलं. रोज पोट चाचपून पाहायची. आईला सांगायची हिंमत नव्हती. विहिरीच्या काठावरही एकदा जाऊन उभी राहिली होती.

मित्रांनो, मी त्या वेळी तिच्याच कमरेला होते! तिची बोटं मला कुरतडायची, आणि मी समजत होते की पोरीला झोळीची माया आहे.

बाया आधी खो खो हसल्या. विहिरीचं ऐकून तिच्याभोवती गोळा झाल्या. साक्षी तेवढी हसली नव्हती.

"मंग तुले खरं कोनं सांगतलं, माय?"

"कोनी नाई," रेणुकाबाई म्हणाली. "तू पोटात आली, तवा समजलं."

साक्षीने आईच्या गळ्यात हात टाकले. गयाबाईने पदर डोळ्यांना लावला.

दुसऱ्या दिवशी वावरात जायच्या आधी रेणुकाबाई साक्षीला घेऊन शाळेत गेली. मी तिच्या खांद्यावर होते. "मॅडम, पोरीले शिकवा," ती म्हणाली. "पन मले बी शिकवा. घरी तिनं पुढचं इचारलं, त मले सांगता आलं पाह्यजे ना?" मॅडमनी शेवटचा बाक पुसून दिला. रेणुकाबाई पोरींच्या मागे बसली, मला मांडीवर घेऊन, आणि मन लावून ऐकू लागली.

तक्त्यावर मी अजूनही जळते. माझ्या ओळीत जे कुणाला धड कळलं नाही, ते त्याने एका तासात सांगितलं, याचा मला फार फार हेवा वाटतो. पण घर मोठं की शाळा, या भांडणात मी पडले आणि पोरीची शाळा कायमची सुटायची वेळ आली. तुम्ही तसं भांडू नका. आईला विचारा, मॅडमना विचारा. एकाला सांगता आलं नाही, तर दुसऱ्याने सांगावं. रेणुकाला खरं कळायला लेक पोटी यावी लागली. तुमच्या बहिणीला तेवढं थांबवू नका.