माझा उजवा पीस शाबूत होता

मी एक जुना इअरफोन आहे, मित्रांनो, आणि मी बिघडलेलो नाही.

आधी जन्म सांगायचा असतो, हे मला ठाऊक आहे. सांगतो. पण वरच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग तेवढा धरून ठेवा. पुढे मला तो ओरडून सांगावासा वाटेल आणि सांगता येणार नाही. दुसऱ्यांचे आवाज कानापर्यंत नेणं एवढंच माझं काम. स्वतःचा आवाज मला दिलेला नाही.

जन्म.

दूरच्या एका कारखान्यात मला दोन पिसांत घडवलं. डावा आणि उजवा. माझी वायर कानाच्या मागून वळवून घालतात आणि पीस कानाच्या खळग्यात बसवतात. डावा पीस डाव्याच कानात बसतो, उजवा उजव्याच. उलटे घालायला गेलात तर टोचतात आणि बाहेर पडतात. घडवणाऱ्याने ही खुबी मोठ्या कौतुकाने केली होती. तिनेच पुढे घात केला.

प्रत्येक पिसाच्या टोकाला रबराची एक मऊ टोपी होती. डबीत लहानमोठ्या टोप्यांच्या आणखी जोड्या होत्या. ती टोपी कान बंद करते. मग बाहेरचा गोंगाट बाहेर राहतो आणि मी हळू बोललो तरी ऐकू जातं.

टोपी लक्षात ठेवा.

कामाची वर्षे.

अकोल्याच्या प्रियदर्शनीने मला घेतलं. तिच्या मामांची, सुगतमामांची, गायन पार्टी आहे. जयंतीच्या दिवसांत गावोगाव कार्यक्रम असतात. प्रियदर्शनी त्यात ऑक्टोपॅड वाजवते. ही एक सपाट पेटी असते. तिच्या आठ चौकोनांवर काठ्या मारल्या की ढोलकी, संबळ, हलगी, हवं ते वाजतं. स्टेजवर एवढा दणदणाट असतो की वाजवणाऱ्याला स्वतःचंच ऐकू येत नाही. म्हणून मी. सगळ्या पार्टीचा ताल मी तिच्या कानात धरून ठेवायचो.

"आमच्या पोरीचा कान म्हणजे काटा हाय काटा," मामा लोकांना सांगायचे. "ढोलकीची वादी सैल झाली तं हिले आधी समजते, ढोलकीवाल्याले मागून."

हे कौतुक तिचं होतं. मी त्यातलं थोडं स्वतःकडे घ्यायचो.

मग अकोटचा कार्यक्रम आला.

एसटीत तिने मला पिशवीतून ओढून काढलं. उजव्या पिसाची टोपी चेनमध्ये अडकली, निघाली आणि सीटखाली घरंगळली. तिने वाकून पाहिलं. खाली शेंगदाण्याची टरफलं, पाय, अंधार.

"जाऊ दे," ती म्हणाली. "घरी डबीत हायेत."

डबी घरी होती आणि कार्यक्रम त्याच संध्याकाळी होता. अकोटचं स्टेज अरुंद निघालं. स्पीकरची भिंत तिच्या उजव्या हाताला, काठी लांबवली तर लागेल एवढ्या जवळ रचलेली. डावा कान माझ्या टोपीने बंद होता. उजवा पीस मात्र खळग्यात नुसता लटकत होता. त्याच्या बाजूने सगळी भिंत तिच्या कानात शिरत होती.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. "वन्स मोअर" झालं. पुन्हा वन्स मोअर झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला कानात घातलं. या वेळी टोपी लावून. मी असं बोललो :

डावीकडे : धा धिं धिं धा
उजवीकडे : धा धिं धिं धा

तिला ऐकू आलं ते असं :

डावीकडे : धा धिं धिं धा
उजवीकडे : . . . धिं . .

"हा गेला वाटते," ती म्हणाली.

मित्रांनो, मी गेलो नव्हतो.

या धंद्यात आवाज गेला की काय करायचं ते ठरलेलं आहे. आधी वायर हलवायची. मग जॅक फिरवायचा. मग फुंकर मारायची. मग मिक्सरवाल्यावर ओरडायचं. माणसाला हलवून पाहायची रीत या धंद्यात नाही. प्रियदर्शनीने माझी वायर हलवली, जॅक फिरवला, फुंकर मारली. मग मला मामांकडे नेलं.

मामांनी मला कानात घातलं आणि डोळे मिटले. "मले तं दोनीकडून सारखंच येऊन रायलं."

"मामा, तुमाले दोनीकडून सारखंच कमी येते."

पार्टीतले सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मामा हसले. "अवं, सारी जिंदगी भोंग्याखाली काढली. आता काय कोकिळा ऐकू येईन मले?"

मी मामांच्या कानांत होतो. तिथे किती शांत आहे, ते मला कळत होतं. त्या शांततेत ते हसू फार दुरून आल्यासारखं वाटलं.

त्या दिवशी मला काढून ठेवल्यावर ती बराच वेळ छताच्या पंख्याकडे पाहत राहिली. "हा पंखा कावून शिट्टी मारून रायला वं आई?"

तिची आई, केशरबाई, दारातून म्हणाली, "पंखा बंद हाय, बाई. लाइन कुठी हाय?"

प्रियदर्शनी उठली आणि दुकानाकडे निघाली. मला वाटतं, तेव्हा तिला किंचित कळलं होतं. कळलेलं मागे टाकायला ती भराभर चालत होती.

टॉवर चौकाजवळ पिंटूभाऊचं दुकान आहे. भिंतभर इअरफोन टांगलेले असतात. पिंटूभाऊ माझी वायर काढून उलटी जोडता येते हे जाणतो. त्याने डावीकडची वायर उजव्या पिसाला लावली, उजवीकडची डाव्याला.

"आता?"

"अजून उजवीकडूनच कमी येते."

"म्हंजे वायर चांगली हाय. पीस गेला, ताई."

पाहा, किती सरळ हिशेब होता. आणि किती चुकीचा. वायर बदलली, पीस बदलला नाही. पीस बदलला असता तरी कान कोण बदलणार?

उलटा घाला, मी म्हणत होतो. डावा पीस उजव्या कानात दाबा. टोचेल. टोचू द्या. एकदा.

कोणी घातला नाही. तसा तो बसतच नाही ना.

मग नवे आले. पिंटूभाऊने पहिला जोड काढला, गायकाचा आवाज काचेसारखा दाखवणारा. तिने मान हलवली. "उजवीकडून कमी हाय."

दुसरा काढला. "हाही."

पिंटूभाऊने तो स्वतःच्या कानात घातला. "ताई, मले बराबर येऊन रायलं."

"पिंटूभाऊ, तुमचा कान रिंगटोनवर वाढला. माहा ढोलकीवर वाढला."

गिऱ्हाइकाशी कोण वाद घालणार? उलट त्याने तिलाच जोर दिला. "असं होते बरं स्वस्ताच्या मालात. दोन पीस जुळत नाईत एखाद वेळी." हेही खोटं नाही. होतं तसं. म्हणूनच तिने त्यावर लगेच विश्वास ठेवला.

तिसरा जोड होता दणक्याचा. ढोलकीची थाप त्यातून पोटात उतरायची. तो घातल्यावर तिच्या उजव्या कानात काहीतरी हललं. आवाज नव्हता तो. नुसती थरथर होती.

"हा," ती म्हणाली. "हा बराबर हाय."

सगळ्या भिंतीवरून तिने नेमका तो निवडला, जो तिच्या कानाला सगळ्यांत जास्त मारणार होता.

"तरीबी कमी वाटलं तं मिक्सरवरून उजवीकडचा वाढवून टाका," पिंटूभाऊने मायेने सांगितलं. "सारखं होऊन जाते."

तिने तसंच केलं. रोज सराव, रोज थोडं आणखी वाढवायचं. मी तिच्या पिशवीतल्या डबीत पडून ऐकत होतो. नव्याचा दोष नव्हता. त्याला सांगितलं तेवढं तो ओरडत होता.

दुर्लक्ष. हाही आत्मवृत्तातला एक भाग असतो. वस्तू कोपऱ्यात पडते, धूळ बसते, ती उसासे टाकते. मी उसासे टाकले नाहीत, मित्रांनो. एका खोलीत कोणीतरी दार ठोठावत असावं आणि आतल्याने दर वेळी गाणं मोठं करावं, तसं मला ते दिवस ऐकू येत होते.

मग अमरावती.

मोठं मैदान, मोठं स्टेज. या वर्षी कार्यक्रमाची सुरुवात गाण्याने होणार नव्हती. ती एकटी प्रियदर्शनी ऑक्टोपॅडवर करणार होती. मामांनी पत्रिकेत तिचं नाव घातलं होतं. पार्टीत मुलगी वाजवते म्हणून जे दबक्या आवाजात हसायचे, ते सगळे खुर्च्यांवर बसणार होते. तिला हे किती दिवसांपासून हवं होतं, ते मला माहीत आहे. आधीचा सगळा सराव माझ्यातून झाला होता.

दुपारी आवाजाची तपासणी सुरू झाली. "चेक, चेक. हॅलो, चेक." तिने नवा जोड घातला, उजवीकडचा आवाज चढवला, काठी मारली आणि डोळे गच्च मिटले. उजवा पीस ओढून काढला. "शिट्टी मारते हा," ती पुटपुटली. डावा तसाच राहू दिला.

तेवढ्यात फोन वाजला. डाव्या कानात पीस होता म्हणून तिने मोबाईल उजव्याला लावला.

"हॅलो. आई? हॅलो. आवाज नाई येऊन रायला."

ठेवला. पुन्हा वाजला. पुन्हा उजव्याला.

"आई, बोल ना. हॅलो?"

तिने मोबाईल समोर धरला. रेंज भरलेली. कॉल चालू. सेकंद पुढे सरकत होते. तिने डाव्या कानातला पीस काढला आणि मोबाईल हळूच तिकडे नेला.

"...जेवली का नाई म्हटलं? कावून बोलून नाई रायली वं? प्रिया?"

मोबाईल उजव्याला.

काही नाही.

डाव्याला.

"प्रिया? का झालं, बाई?"

मित्रांनो, त्या मोबाईलला वायर नव्हती. जॅक नव्हता. हलवायला काही नव्हतं.

"करतो मंग फोन," ती आईला म्हणाली. आणि पिशवीतून डबी काढून, डबीतून मला काढलं. माझा डावा पीस तिने उलटा करून उजव्या कानात दाबला. टोचला. तिने आणखी दाबला. माझ्या डाव्यावर आजवर कोणी कधी संशय घेतला नव्हता. तिने गाणं लावलं.

मी बोललो : धा धिं धिं धा.

तिला ऐकू आलं : . . . धिं . .

ती तिथेच, केबलच्या वेटोळ्यावर बसली.

मामा स्टेजवरून उतरून आले. "का वं, जॅक सैल हाय का?"

"मामा, वायर बराबर हाय."

"मंग?"

तिने उजव्या कानावर बोट ठेवलं.

मामांचं तोंड सवयीने उघडलं. "अवं, होते थोडंसं. मलेबी पहिले असंच..."

आणि थांबले. ते वाक्य त्यांना स्वतःला पहिल्यांदाच ऐकू आलं असावं. स्पीकरच्या भिंतीकडे त्यांनी पाहिलं, मग भाचीकडे. मग मिक्सरपाशी गेले आणि मोठं बटण खाली ओढलं. सगळं मैदान गप्प झालं. कुठेतरी कावळा ओरडत होता.

"चाल."

"मामा, संध्याकाळी माही सुरुवात हाय. वाजवू द्या, मंग जाऊ."

"नाई."

"पाचच मिनटं. डाव्यानं ऐकीन. मामा, माहं नाव छापलं हाय!"

"छापलं मीनंच. मीच खोडतो." त्यांचा आवाज फाटला होता. "सुरुवात पुढच्या साली करजो. ढोलकीवर काढून घेतीन पोट्टे. उठ, प्रिया. मी नाई उठलो तवा. तू उठ."

ती रडत उठली.

राजापेठेजवळ कानाच्या डॉक्टर बाई आहेत. त्यांनी कान तपासायचा लोखंडी काटा वाजवून तिच्या कपाळावर धरला, मग काचेच्या खोलीत बसवून तिच्या कानांवर मोठे हेडफोन चढवले. बाहेर येऊन विचारलं, "हे कधीपासून?"

"इअरफोन बिघडला तवापासून."

डॉक्टर बाईंचं पेन थांबलं. "कुठे आहे तो?"

तिने मला टेबलावर ठेवलं. बाईंनी मला पुसलं, स्वतःच्या मोबाईलला लावलं, एकेका पिसाला कान दिला.

"हा तर उत्तम चालतो," त्या म्हणाल्या.

आत्मवृत्तात स्तुतीही असते. माझ्या वाट्याची ही. अशी स्तुती कोणाला न मिळो.

"एका कानाला अचानक ऐकू येईनासं झालं की त्याच दिवशी यायचं असतं," बाई सांगत होत्या. "औषध आजपासून सुरू करू. किती परत येईल, ते आज सांगता येणार नाही. मोठा आवाज पूर्ण बंद." मग त्यांनी मामांकडे पाहिलं, जे प्रत्येक वाक्याला पुढे वाकत होते. "काका, तुम्हीही बसा आत."

त्या संध्याकाळी अमरावतीत सुरुवात ढोलकीने झाली. ऐकायला मी नव्हतो. ती नव्हती.

आता सांगायला थोडंच उरलं. आवाज परत आला, सगळा नाही. ढोलकी येते, आईची हाक येते. घुंगराची बारीक किणकिण उजवीकडून येत नाही. ती आली असं समजून प्रियदर्शनी वाजवते. पार्टीत आता स्पीकर स्टेजवर रचत नाहीत, पुढे लांब रचतात आणि मामा स्वतः पावलं टाकून अंतर पाहतात. दणक्याचा जोड तिने काढून ठेवला आहे. सरावाला मी असतो, हळू आवाजात, दोन्ही टोप्या लावून. आणि रोज सराव सुरू करण्याआधी ती माझा डावा पीस उलटा करून उजव्या कानात दाबते. टोचतो. ती क्षणभर ऐकते. मग नीट घालते.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी जुनी वस्तू म्हणते, मला टाकू नका. मी तसं म्हणणार नाही. मी खरंच बिघडलो तर टाका. पिंटूभाऊच्या भिंतीवर माझे पुष्कळ भाऊ टांगलेले आहेत. पण नवा निवडायला त्या भिंतीसमोर उभे राहाल तेव्हा आधी जुना उलटा घालून पाहा.

त्या भिंतीवर कान टांगलेले नाहीत.