देवघरात राहिलेलं बूच

पायाला गार लागलं तेव्हा मंगलाबाईंना वाटलं, कलशातलं पाणी सांडलं असेल. खाली बघितलं तर बोटीच्या तळात घोट्यापर्यंत पाणी, आणि त्यावर झेंडूच्या पाकळ्या तरंगताहेत. बोट तलावाच्या मधोमध उभी, इंजिन बंद, आणि त्यांचे यजमान उदयसिंह दुर्बीण डोळ्यांना लावून दूरच्या खांबावरचा नीलकंठ पक्षी बघण्यात गुंग. दसऱ्याला नीलकंठ दिसला की वर्ष चांगलं जातं, असं माळव्यात म्हणतात. वर्षाचं राहू द्या, इथं आजचा दिवस पार पडण्याची पंचाईत झाली होती.

"अहो, पाणी आलंय."

उदयसिंहांनी दुर्बीण न काढताच सांगितलं की लाटेचं असेल, पंप आहे ना, तो आपोआप उपसतो, तू टेन्शन नको घेऊस.

हा माणूस मुळातच असा. पणजोबा होळकरांच्या फौजेत होते. स्वतः उदयसिंहांची सगळी नोकरी बँकेत गेली, पण दसऱ्याला अंगरखा घालून वडिलांचा केशरी साफा बांधला की मॅनेजरसाहेब कुठल्या कुठे जात. जुन्यांनी घोड्यावरून सीमोल्लंघन केलं, हे आपल्या छोट्या मोटरबोटीतून करायचे. शहराबाहेरचा हा तलाव ओलांडायचा, पलीकडच्या काठावरच्या आपट्याचं सोनं घरी न्यायचं. यंदा होळीच्या सुमारास त्यांची बायपास झाली. पुण्याहून मुलगा यशवर्धन सारखा बजावत होता की बोट विकून टाका. मंगलाबाईंनीच त्याला गळ घातली की एवढा दसरा होऊ दे, मी स्वतः बरोबर जाते. आता बघा, ज्या बाईला पोहता येत नाही, विहिरीत डोकावायचीही जिला भीती, ती राखण करायला निघाली. त्यांनी लाइफ जॅकेट तरी चढवलं होतं. उदयसिंहांना अंगरख्यावर नारंगी जॅकेट म्हणजे सर्कस वाटली, म्हणून त्यांनी आपलं पुढच्या फळीखाली कोंबून ठेवलं होतं.

पंप घुरघुरत होता, पण बाजूच्या नळीतून बाहेर थेंब पडत नव्हता. पाणी पोटरीपर्यंत आलं. आता उदयसिंहांनीही खाली बघितलं, मग मागे, बोटीच्या शेपटाकडे, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"मंगला, बूच."

बूच कुठे आहे हे मंगलाबाईंना पक्कं ठाऊक होतं. बोटीच्या मागच्या बाजूला, अगदी तळाशी एक भोक असतं. बोट पाण्यातून ओढून ट्रेलरवर घेतली की त्याचं बूच काढायचं, म्हणजे आत साचलेलं सगळं पाणी वाहून जातं. परत उतरवण्याआधी ते घट्ट बसवायचं. एवढंच काय ते शास्त्र. आणि ते पितळी बूच या घडीला राजेंद्र नगरच्या घरी देवघरापुढे, तलवार आणि कट्यारीच्या शेजारी, हळदकुंकू लावून विराजमान होतं. काल खंडेनवमी. घरातली सगळी हत्यारं पूजेला मांडतात. बोट काही घरात येत नाही, तेव्हा तिचं काहीतरी द्या, असं मंगलाबाईच म्हणाल्या होत्या. उदयसिंहांनी बोट धुऊन रिकामी केली आणि बूच खिशात घालून आणलं. बाईंनी ते चिंचेनं घासून असं लखलखीत केलं की बघत राहावं. त्यांच्या घरची रीत अशी की सोनं घरात आल्याशिवाय मांडलेली पूजा हलवायची नाही. गाडीची आणि बोटीची किल्ली तेवढी नमस्कार करून उचलायची, नाहीतर सोनं आणायला जायचं कसं? आज सकाळी किल्ल्या उचलल्या, आणि त्यांना खेटून पडलेलं बूच दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

येताना काही कळलंच नव्हतं. बोट जोरात धावत असली की त्या भोकातून पाणी आत येत नाही, उलट आतलंच मागे ओढलं जातं. जे थोडं आलं ते पंपानं काढलं. मग नीलकंठासाठी बोट थांबली, आणि बोटीला घातलेल्या झेंडूच्या माळांच्या पाकळ्या पंपाच्या जाळीत जाऊन बसल्या.

उदयसिंहांनी इंजिन सुरू करून एकदम वेग दिला. त्यांचा हिशेब बरोबर होता, पण उशीर झाला होता. नाक वर उठलं, आतलं सगळं पाणी धावत मागे गेलं, शेपूट खचलं आणि मागच्या कडेवरून एक लाट आत आली. आगीतून फुफाट्यात! त्यांनी वेग कमी केला, बाल्टी उचलली आणि वाकून पाणी उपसायला लागले. तिसऱ्या-चौथ्या बाल्टीला त्यांचा हात छातीवर गेला. चेहरा राखेसारखा झाला होता.

मंगलाबाईंना तेव्हा तलावाची भीती वाटेनाशी झाली. बोट बुडाली तर बुडो, पण हा माणूस पाण्यात पडला तर हात मारता मारताच जाईल, हे त्यांना लख्ख दिसलं. हाक मारावी तर काठावर चिटपाखरू नव्हतं. सगळं इंदूर बाजारात नाहीतर रावणाच्या तयारीत.

"बाल्टी ठेवा," त्या म्हणाल्या. "खाली बसा. फक्त स्टिअरिंग धरा आणि हळूहळू काठाकडे घ्या."

आणि काय नवल, उदयसिंह ऐकून बसले.

मंगलाबाई रांगत मागे गेल्या. मांडीपर्यंत पाण्यात बसून त्यांनी तळ चाचपला. कोपऱ्यात तळहाताला गार पाण्याची धार लागली. हात दाबून धरला की धार थांबायची, पण मग पंप कोण साफ करणार? आपट्याच्या पूजेसाठी आणलेल्या ताटात सुपारीचा गणपती होता. तो लावून बघितला, तर भोकापेक्षा जरासा लहान पडला. त्याला गुंडाळायला सुती कापड हवं होतं. साडी रेशमी, बुळबुळीत. त्यांनी नवऱ्याच्या डोक्याकडे बघितलं.

"साफा द्या."

उदयसिंहांचा हात साफ्यापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. वडिलांचा साफा, दसऱ्याला घराबाहेर असताना डोक्यावरून कधी उतरला नव्हता.

"डोकं राहिलं तर छप्पन्न साफे बांधाल," मंगलाबाई म्हणाल्या. "द्या इकडे."

त्यांनी दिला. मंगलाबाईंनी साफ्याचं टोक दातांनी टरकावलं, गणपतीची मनातल्या मनात क्षमा मागितली, त्याला पट्टीत गच्च गुंडाळलं आणि पिळत पिळत भोकात कोंबलं. कापड फुगलं, धार मंदावली आणि थांबली. मग एका हातानं ते दाबून धरत दुसऱ्या हातानं पंपाची जाळी चाचपली. मुठी भरभरून पाकळ्या निघाल्या. पंप ठसकला, गप्प झाला. पुन्हा ठसकला, आणि बाजूच्या नळीतून पाणी भसाभस बाहेर पडायला लागलं.

काठ येईतो त्यांनी गणपतीवरचा हात काढला नाही. बोटीचं नाक चिखलात रुतलं तेव्हा त्यांची बोटं इतकी आखडली होती की उदयसिंहांनी ती एकेक करून सोडवली.

वर आपट्याचं झाड होतं. त्याखाली बसून उदयसिंहांनी बराच वेळ दम घेतला. मग चाचरत म्हणाले, की यशवर्धनला हे सांगायलाच पाहिजे का. मंगलाबाईंनी उठून एक पान तोडलं आणि ओल्या हातानं त्यांच्या हातावर ठेवलं. लग्न झाल्यापासून दर दसऱ्याला त्या हे करत आल्या होत्या.

"सोनं घ्या," त्या म्हणाल्या, "सोन्यासारखे..." आणि मधेच थांबून त्यांनी नवऱ्याची मूठ पानावर मिटवली. "सोन्यासारखे नाही राहिलात तरी चालेल. तुम्ही राहा, बस."

उदयसिंहांनी पान कपाळाला लावून खिशात ठेवलं. मग ते उठले, बोटीत वाकून फळीखालचं जॅकेट काढलं, आणि कोरड्या जमिनीवर उभं राहून अंगरख्यावर चढवलं.